आटपाट नगर उभं करताना: गोष्टीतलं जग रचायला बसलेल्या नवख्यांसाठी

माझ्या पहिल्या कादंबरीची पहिली ४० पानं म्हणजे नुसतं गाव होतं. वेस, मारुतीचं देऊळ, पाटलांचा वाडा, दूध संस्था, शाळा, नदीचा घाट. पंचगंगेच्या काठचं, कोल्हापूरपासून एसटीनं तासाभराचं गाव, नाव हिरळे दुमाला. नकाशात शोधू नका, ते माझ्याच वहीत आहे. ती पानं मी गावाकडच्या एका मित्राला वाचायला दिली. शेती करणारा माणूस, वाचन दांडगं. आठ दिवसांनी वही परत देताना म्हणाला, "गाव सगळं दावलास. पण हितं ऱ्हातंय कोण?"

त्या प्रश्नानंतर मी ती कादंबरी चार वेळा नव्यानं लिहिली. गोष्टीतलं जग कसं उभं राहतं आणि वाचकापर्यंत कसं पोचतं हे कुणी पायरीपायरीनं सांगितलं असतं, तर त्यातले दोन खर्डे तरी टळले असते. तुम्ही पहिली कथा किंवा कादंबरी लिहायला बसला असाल तर तुमचे टळावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं कोल्हापूरची आहेत, कारण मला हाच मुलूख आतून माहीत आहे. पायऱ्या मात्र कुठल्याही गावाला चालतील, तुमचं गाव चंद्रावर असलं तरी.

सुरुवात आज्जीपासून करतो. श्रावणातल्या शुक्रवारी ती कहाणी सांगायची. "आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता." एवढ्यावर नगर उभं राहायचं. नगराला वेशी किती, राजवाडा किती मजली, बाजार कुठल्या वारी, यातलं काही सांगितलेलं नसायचं. एक गोष्ट मात्र पक्की असायची. या नगरात घेतलेला वसा टाकला की दैन्य येतं, आणि पुन्हा धरला की दिवस पालटतात. उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. राणी गर्वानं वसा टाकायची तेव्हा आम्ही सहा-सात वर्षांची पोरं दचकून एकमेकांकडं बघायचो, कारण पुढं काय होणार ते आम्हाला ठाऊक असायचं. ते नगर आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं, पण त्याचा कायदा आम्हाला पाठ होता. माझ्या ४० पानांत देखावा भरपूर होता आणि कायदा एकही नव्हता.

आधी जमवायचं साहित्य

– दोन वह्या. एक लिहायची, दुसरी गावाची. दुसरीबद्दल आठव्या पायरीत सांगतो.

– तुमच्या काल्पनिक गावाच्या आसपासच्या एखाद्या खऱ्या गावाचा गावनकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. ओढा कुठून येतो, पाणंद कुठं जाते, गावठाण केवढं आणि शिवार केवढं, हे अंदाज त्यातून येतात.

– घरातला जुना सातबारा. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची ते असतं, बारामध्ये पीक कुठलं ते. इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचे बोजे, कुळांची नावं, काही ठिकाणी बहिणींची नावं. एकाच कागदात एका घराच्या तीन पिढ्या सापडतात. हा माझा सगळ्यात आवडता कागद आहे.

– गोष्ट जुन्या काळातली असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ सालचा कोल्हापूरचा खंड. इंग्रजीत आहे, पण पिकं, आठवडी बाजार, घरं, रस्ते असं सगळं आहे. जुन्या पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर किंवा शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय अशा ठिकाणी आधी चौकशी करा.

– जत्रेची हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं. कॅलेंडर कोरं नको. ज्याच्या चौकटींत दुधाचा हिशेब, गॅस संपल्याची तारीख, "म्हस गाभण" असलं काही लिहिलंय ते हवं.

इथं दोन सापळे आहेत. पहिला, साहित्य जमवण्यात वर्ष जातं. माझं गेलं. दोन महिन्यांची मुदत घाला आणि अपुऱ्या साहित्यावर लिहायला बसा, कारण काय कमी पडतंय ते लिहिताना कळतं. दुसरा, सातबाऱ्यावरची खरी नावं, खरे गट नंबर, खरी भांडणं जशीच्या तशी उचलायची नाहीत. तुमच्या गोष्टीपायी कुणाच्या भावकीत नवा वाद लागला तर तो तुम्हाला निस्तरता येणार नाही.

१. आधी कायदा, मग नकाशा

तुमच्या जगात असं काय आहे, ज्यापुढं तिथल्या कुणाचंच चालत नाही? ते एका वाक्यात लिहा. तेच वाक्य सुचेपर्यंत पुढं जाऊ नका.

हिरळ्याचा कायदा मला एका चुकीतून सापडला. पहिल्या खर्ड्यात माझा नायक सदा जुलैतल्या रात्री सायकलवरून बंधारा ओलांडून पलीकडं जातो. मित्रानं त्या ओळीखाली रेघ मारली होती. "जुलैत बंधाऱ्यावरनं कोण जातंय? पोरगं सायकलीसकट गेलं असतं." त्याचं बरोबर होतं. आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणजे ओळीनं खांब आणि त्यांच्यामध्ये बसवायचे बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला काढून ठेवायचे. वरून माणसं, सायकली, बैलगाड्या जातात, पण नदी चढली की अख्खा बंधारा पाण्याखाली जातो आणि वाट मोडते. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो, तरी लिहिताना विसरलो, कारण माझ्या गोष्टीत नदी शोभेपुरती होती.

त्या रेघेवरून कायदा लिहिला: बंधारा बुडाला की जो ज्या काठाला असेल तो तिथलाच. गावठाण अलीकडं, निम्मं शिवार पलीकडं. हे वाक्य वहीत आल्यावर कादंबरी आपसूक हलायला लागली. वैरण पलीकडं, म्हशी अलीकडं. भाऊ पलीकडच्या वस्तीवर, आई अलीकडं आजारी. गावातल्या सोयरिकी जमवताना मुलीचं घर कुठल्या काठाला पडतं ते विचारतात. यातलं काहीही मी आधी ठरवलं नव्हतं, ते त्या एका वाक्यातून निघत गेलं.

वास्तववादी गोष्टीला कायदा लागत नाही, तो फक्त अद्भुत गोष्टींना लागतो, असा समज आहे. माझा अनुभव उलट आहे. अद्भुताकडं जायचं असेल तरी बीज आपल्याच गावात मिळतं. अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरून मूर्तीपर्यंत जातात. त्या वाटेत इमारतींचे अडथळे येतात ही कोल्हापूरकरांची जुनी काळजी आहे. आता एक काल्पनिक नगर धरा, जिथं किरण पोचला नाही तर त्या वर्षी कुणालाच काही आठवत नाही, आणि एका घरावर एक मजला वाढतोय. खरं देऊळ तसंच राहू द्या. त्यातला फक्त नियम उचला, आपल्या नगरात न्या आणि वाकवा.

२. काय सांगायचं नाही ते ठरवा

मारी-लॉर रायन या कथनशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९८० साली एक तत्त्व मांडलं. मराठीत त्याला किमान फारकतीचं तत्त्व म्हणता येईल. गोष्ट वेगळं काही सांगत नाही, तोवर वाचक त्या जगाला आपल्या जगासारखंच धरून चालतो. "आटपाट नगर" म्हटल्यावर तिथं सूर्य पूर्वेला उगवतो की नाही हे आम्ही आज्जीला कधी विचारलं नाही. ते आम्ही आमच्याकडून घातलं होतं. म्हणजे जग उभं करायचं निम्मं काम वाचक फुकट करून देतो, आणि नवा लेखक त्याच्या हातातून ते काढून घेऊन स्वतः करत बसतो.

याला जोडून लुबोमिर डोलेझेल या चेक अभ्यासकाचं एक म्हणणं आहे, की गोष्टीतलं जग नेहमी अपुरंच असतं. खऱ्या माणसाच्या पणजोबांना नाव असतंच, आपल्याला माहीत नसलं तरी. आटपाट नगरच्या राजाच्या पणजोबांना नावच नाही, कारण ते कुणी सांगितलेलं नाही. मला हे वाचून फार मोकळं वाटलं. जग पूर्ण करणं शक्यच नसेल, तर ते ओझं वाहायचं कशाला?

करायचं असं. वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिला, वाचकाला माहीतच आहे. दुसरा, माहीत नाही पण गोष्टीला लागत नाही. तिसरा, माहीत नाही आणि गोष्टीला लागतं. तुमचं सगळं वर्णन या तीन रकान्यांत वाटा. कादंबरीत फक्त तिसरा रकाना जातो. माझ्या ४० पानांतून तिसऱ्या रकान्यात ११ वाक्यं आली.

"वाचकाला माहीत आहे" हे ठरवताना वाचक कुठला ते डोळ्यापुढं ठेवा. "तालीम" हा शब्द घ्या. नागपूरच्या वाचकाला तालीम म्हणजे कुस्तीचा हौद. कोल्हापूरच्या पेठांत तालीम म्हणजे कुस्ती तर आहेच, शिवाय गणपती, फुटबॉलची टीम, भांडणं मिटवायची जागा आणि निवडणुकीचा अंदाज घ्यायची जागा. तुमच्या गोष्टीत पोरगा "तालमीत चाललो" म्हणून घराबाहेर पडत असेल, तर तो नेमका कशात पडतोय हे नागपूरकराला दिसायला हवं. कोल्हापूरकराला ते सांगितलंत तर तो कंटाळेल. यावरचा तोडगा चौथ्या पायरीत आहे.

३. नाव ठेवा

नावात अख्खं गाव असतं. आपल्याकडच्या नावांकडं बघा: बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं, कसबा, वाडी, दुमाला. दुमाला हा इनामाशी, महसुलाशी जोडलेला जुना शब्द आहे. शिरोली दुमाला, हसूर दुमाला अशी खरी गावं करवीर तालुक्यात आहेत. हिरळ्यापुढं मी दुमाला लावलं आणि गावाला एक जुना मालक, एक जुना कागद आणि एक जुनं भांडण आपोआप मिळालं.

"स्वप्नपूर", "आनंदवाडी" असली अर्थानं ठासून भरलेली नावं टाळा. नाव ठरलं की ते खरंच कुठं आहे का ते शोधून बघा. गावातल्या जागांनाही नावं द्या, आणि ती लोकांच्या तोंडची द्या. कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. माझ्या गावात "बुडकी तिकटी" आहे, पुरात पहिल्यांदा तीच बुडते म्हणून.

४. गावाला गाव गृहीत धरू द्या

या पायरीवर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. महाल, रस्ता, अरण्य. असा पडदा मागं लागला की पुढचा नट वळून "अहाहा, केवढे हे खांब!" म्हणत नाही. तो राजा आहे, खांब त्यानं रोज बघितलेत. त्याचं लक्ष समोरच्या माणसाकडं असतं, आणि म्हणूनच प्रेक्षकाला महाल खरा वाटतो. गोष्टीत पडदा आणि नट दोन्ही तुमच्याच वाक्यांत असतात, त्यामुळं नटानं पडद्याकडं बघायचा मोह दर पानाला होतो.

माझ्या पहिल्या खर्ड्यातलं वाक्य: "हिरळे गावाला दरवर्षी पुराचा धोका असे, आणि पाण्याची पातळी वाढू लागली की ग्रामस्थ भयभीत होत."

चौथ्या खर्ड्यातलं:

"आज्जीनं रेडिओ बंद केला. '३९ झालं,' ती म्हणाली. सदा ताटावरनं उठला, हात धुतला आणि गोठ्याकडं गेला. दोन्ही म्हशी सोडल्या, रेडकू खांद्यावर घेतलं. 'अंथरुणं माळ्यावर टाक गं,' आज्जीनं सुनेला सांगितलं, 'आन पिठाचा डबा पैल्यांदा.'"

३९ म्हणजे काय हे मी कुठंच सांगितलेलं नाही. कोल्हापूरच्या वाचकाला ते पाठ असतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या पुरात ती ५५ फुटांच्या वर गेली होती. पावसाळ्यात आपल्याकडं "आज किती फूट?" हा नमस्कारासारखा प्रश्न असतो. नागपूरच्या वाचकाला यातलं काही माहीत नसलं तरी म्हशी सोडल्या, रेडकू उचललं, पीठ वर चढलं, एवढ्यावरून ३९ चा अर्थ त्याला कळतो. कुणी घाबरल्याचं लिहिलेलं नाही. सगळ्यांना आपापलं काम माहीत आहे, यावरूनच हा पूर पहिला नव्हे हे समजतं. तालमीचा प्रश्न असाच सोडवा. शब्द न समजावता वापरा आणि त्यावर कोण काय करतं ते दाखवा.

तपासायची खूण सोपी आहे. पात्राला जे रोजचं आहे ते वाक्यात कुठं कौतुकानं सांगितलंय का बघा. दोन पात्रं एकमेकांना दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट सांगतायत का बघा. "तुला माहीतच आहे की आपल्या गावात..." असं सुरू होणारं वाक्य दिसलं की खोडा.

परका माणूस गावात आणून त्याला सगळं दाखवायचं, ही युक्ती जुनी आहे आणि चालते. पण त्या परक्याचं गावात खरंच काहीतरी काम अडलेलं हवं. नुसता बघायला आलेला पाहुणा दोन पानांत कंटाळवाणा होतो.

५. गावाचं कॅलेंडर आणि पायी अंतरं

ही पायरी भरभर होते. एका मोठ्या कागदावर गाव काढा आणि अंतरं मिनिटांत लिहा. माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो, चिखलात त्याहून कमी, डोक्यावर वैरणीचा भारा असला की आणखी कमी. गोष्टीतली निम्मी भांडणं "एवढा वेळ कुठं होतास?" यावरून होतात, तेव्हा तो वेळ तुम्हाला माहीत हवा.

मग बारा महिने लिहा. आडसाली उसाची लावण भर पावसाळ्यात होते आणि तो दीड वर्षाच्या आसपास शेतात राहतो. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखान्यांचे गळीत हंगाम सुरू होतात, तोडकरी येतात, गुऱ्हाळं पेटतात. चैत्रात जोतिबाची यात्रा, सासनकाठ्या, गुलाल. पैसा गावात कधी येतो आणि कधी संपतो ते खुणेनं लिहा. लग्नं, कर्जं, नवी गाडी, दवाखाना, सगळं त्या खुणेला बांधलेलं असतं. गोष्ट नेमक्या वर्षात घडत असेल तर त्या वर्षी काय नव्हतं तेही लिहा. माझी कादंबरी २००५ च्या पुरातली आहे. त्यातल्या एका प्रसंगात मी व्हॉट्सॲपचा निरोप घातला होता, आणि तो तीन खर्ड्यांत कुणाच्याच नजरेला पडला नाही.

६. कुणाच्या डोळ्यांनी?

एकच जागा तीन माणसांना द्या. मी गुऱ्हाळ घेतलं.

गुळव्या: "आण्णा काहिलीकडं बघतच नव्हता. डोळे मिटून कडेला उकिडवा बसला होता. रसाचा आवाज पातळ होता तोवर त्याला घाई नव्हती. बुडबुडे जड फुटायला लागले तसा त्यानं हात वर केला. चुलवाणात चिपाडं सारणारं पोरगं थांबलं."

पुण्याहून आलेला भाचा: "काहील एवढी मोठी होती की तीत आमचं सगळं स्वयंपाकघर मावलं असतं. तिच्याजवळ जायचं नाही हे आईनं एसटीतनं उतरल्यापासून चार वेळा सांगितलं होतं. मामानं उसाच्या कांडक्यावर गरम गूळ गुंडाळून दिला. जीभ भाजली. मी रडलो नाही. रडलो असतो तर आईला कळलं असतं."

नवी सून: "बारा माणसांच्या भाकरी. बदलीवर दोघं आले तर चौदा. गुऱ्हाळ पेटल्यापासून न्हालं तरी केसांतला धूर जात नव्हता. माहेरी गूळ वाण्याकडनं पुडीतनं यायचा. त्यामागं एवढ्या भाकरी असतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं."

गुऱ्हाळ म्हणजे काय, गूळ कसा करतात, हे तिन्हींत सांगितलेलं नाही. तरी तिन्ही एकत्र वाचली की जागा डोळ्यापुढं येते, आणि प्रत्येकात ती वेगळी आहे. गुळव्याचं गुऱ्हाळ कानात आहे, पोराचं जिभेवर, सुनेचं आकड्यांत. माझ्या पहिल्या खर्ड्यातलं गुऱ्हाळ कुणाचंच नव्हतं. ते वरून, कुठूनतरी, सगळं बघणाऱ्या डोळ्यातलं होतं. मित्राचा "हितं ऱ्हातंय कोण?" हा प्रश्न मला इथं आल्यावर कळला.

कुणाचे डोळे निवडायचे? त्या दिवशी, त्या जागी ज्याचं सगळ्यात जास्त काही अडलंय त्याचे. गुळाचा घाणा बिघडण्याचा प्रसंग असेल तर गुळव्याचे. मोठ्या घरात तिची जागा काय हे दाखवायचं असेल तर सुनेचे. एकदा निवडलेत की पाळा. भाच्याच्या तोंडून सांगताना "त्या दिवशी मार्केट यार्डात गुळाचे सौदे पडले होते" असं आलं, की वाचकाला लेखकाचा हात दिसतो. पोरानं मामाला हिशेबाची वही आपटताना बघितलं, एवढं पुरतं.

सराव म्हणून एखादी संध्याकाळ रंकाळ्यावर किंवा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बसा. समोर म्हशी पिळून लगेच दूध देतात. पिळणारा, पिणारा आणि पलीकडच्या दुकानातून रोज हे बघणारा, अशा तिघांच्या दहा-दहा ओळी लिहा. मी हे महिनाभर केलं. पुस्तकांपेक्षा त्यातून जास्त शिकलो.

७. बोलणं

कोल्हापूरची बोली दाखवायची म्हणून दर वाक्याला "लई भारी" आणि "नाद खुळा" पेरू नका. ती जाहिरातीची बोली झाली. खरी बोली क्रियापदात असते. आपल्याकडं मान द्यायचा तर "कवा आलासा?", बरोबरीच्याला किंवा लहानाला "कवा आलास?" फरक एका "सा"चा. माझ्या कादंबरीत वाड्यावरचा पंचविशीतला मुलगा साठीच्या गुळव्याला "आलास?" म्हणतो आणि गुळव्या त्याला "व्हय, तुमी जेवलासा?" म्हणतो. त्या घराची आणि गावाची उतरंड मी आणखी कुठंही समजावून सांगितलेली नाही. पुढं एका प्रसंगात तोच मुलगा पुरातून बाहेर काढल्यावर म्हणतो, "आण्णा, तुमी बसा की." वाचून दाखवताना या ओळीला दोन माणसांचे डोळे भरले होते.

दुसरी गोष्ट, इकडच्या बायका "मी येतो", "मी जातो" म्हणतात. माझ्या एका खर्ड्याचं मुद्रितशोधन झालं तेव्हा आज्जीच्या तोंडचे सगळे "येतो" बदलून "येते" झाले होते. करणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण माझी आज्जी नाहीशी झाली. सगळे परत फिरवले. मुद्रितशोधकाला आधीच एक कागद द्या: कुठली रूपं मुद्दाम आहेत, कुणाच्या तोंडी आहेत. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही वाट नवख्याला सोपी. अख्खं निवेदन बोलीत करायचं असेल तर निवेदक गावातलाच हवा, आणि तो कुणाला सांगतोय तेही ठरलेलं हवं.

८. गावाची वही

प्रत्येक प्रकरण झालं की जे पक्कं झालं ते दुसऱ्या वहीत टाका. कुणाचं वय, कुणाच्या दारात कुठलं झाड, दार कुठल्या दिशेला, म्हशी किती, कोण कुणाला काय म्हणतं (दाजी, आक्का, वैनी, तात्या). वाचक मोठी गोष्ट माफ करतो, तिसरी म्हैस माफ करत नाही. कायद्याचं वाक्य पहिल्या पानावर लिहा आणि तो मोडायचा असेल तर एकदाच, कारणासकट मोडा.

९. वाचून दाखवा

तीन माणसं शोधा: एक त्याच मुलखातलं, एक पूर्ण बाहेरचं, एक कथा-कादंबऱ्या न वाचणारं. मोठ्यानं वाचा, पहिली २० पानं पुरेत. "आवडलं का?" विचारू नका, कारण सगळे हो म्हणतात. त्याऐवजी हे विचारा: इथं काय केलं की माणूस अडचणीत येतो? गावात कुणाला कुणाची भीती आहे? तुम्हाला तिथं राहायचं झालं तर कुठलं घर घ्याल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कायद्याच्या वाक्याजवळ आलं नाही, तर पहिल्या पायरीवर परत जा.

शेवटी कागद-पेन्सिल द्या आणि गाव काढायला सांगा. माझ्याकडं सोलापूरकडच्या एक बाई होत्या. त्यांनी बंधारा, बुडकी तिकटी, आज्जीचं घर बरोबर जागी काढलं आणि देवळासमोर पिंपळाचा पार काढला, वर बसलेली तीन माणसंही. पार मी कुठंच लिहिला नव्हता. पाचव्या प्रकरणात त्याच जागेवरून उसाचा ट्रॅक्टर वळतो, म्हणून वहीतला नकाशा काढून मापं बघितली. पार सोडून ट्रॅक्टर वळायला जागा उरत होती. तो पार आता वहीत आहे. कादंबरीत अजून नाही.